बुरशी मारणारी पेप्टाइडं: प्लेटमधलं यश रक्तात का विरतं?

प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीवर सूक्ष्मजीवरोधक पेप्टाइडं, म्हणजे जंतू मारणाऱ्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, हा उपाय ठरेल का? शोधनिबंधांत ती बघता बघता कँडिडा या बुरशीचा फडशा पाडतात, मग एवढ्या वर्षांत एकही पेप्टाइड औषध म्हणून वॉर्डात का पोचलं नाही? आणि प्रबंधासाठी हा विषय घ्यावा का?

बुरशीच्या निदानाच्या प्रयोगशाळेत माझी दोन तपं गेली, त्यातली काही वर्षं याच पेप्टाइडांमागे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती. पेप्टाइड वॉर्डात पोचलेलं आहे, आपण त्याला त्या नावाने हाक मारत नाही इतकंच. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, अ‍ॅनिड्युलाफंजिन ही एकायनोकँडिन गटातली औषधं म्हणजे सहा अमिनो आम्लांचं कडं आणि त्याला जोडलेली एक तेलकट शेपटी. रसायनशास्त्राच्या भाषेत ही लिपोपेप्टाइडंच. कॅस्पोफंजिनला अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली आणि त्याचा मूळ रेणू एका बुरशीनेच बनवलेला आहे. रक्तात कँडिडा सापडली की आज पहिली बाटली बहुधा याच गटातली लागते. आता ही औषधं काय करतात ते बघा. ती पेशीच्या पटलाला (मेम्ब्रेनला) भोकं पाडत नाहीत. बुरशीच्या पेशीभित्तिकेतलं बीटा-१,३-ग्लुकॅन विणणारं विकर (एन्झाइम) ती बंद पाडतात. माणसाच्या पेशीला भित्तिका नाही, ग्लुकॅन नाही, ते विकरही नाही, त्यामुळे घाव बुरशीवरच बसतो. पेप्टाइड किती जोरात मारतं हे सगळेच मोजतात. ते नेमकं कशाला धरतं, आणि ती वस्तू आपल्या शरीरात आहे की नाही, हे मी आधी विचारते. माझं बाकीचं उत्तर याच प्रश्नाभोवती फिरणार आहे.

नव्या औषधांची निकड किती आहे हे आयसीयूत काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. अंगभर पसरलेल्या बुरशीसाठी आपल्या हाताशी मोजके गट आहेत: अ‍ॅझोल, अ‍ॅम्फोटेरिसिनसारखी पॉलिइन, एकायनोकँडिन, आणि जोडीला द्यायचं फ्लुसायटोसिन. एक गट हातचा गेला की उरतं काय ते बोटांवर मोजता येतं. कँडिडा ऑरिसचं पहिलं वर्णन २००९ मध्ये जपानमधून आलं, एका रुग्णाच्या कानातून घेतलेल्या नमुन्यावरून. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या आकडेवारीत या यीस्टचे सुमारे ९० टक्के नमुने फ्लुकोनॅझोलला आणि सुमारे ३० टक्के अ‍ॅम्फोटेरिसिनला दाद देत नाहीत. एकायनोकँडिनला न जुमानणारे ५ टक्क्यांहून कमी आहेत, पण ते ग्लुकॅनचं विकर बनवणाऱ्या एफकेएस१ जनुकात एक बदल झाला की तोही दरवाजा बंद होतो. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीची गोष्ट आणखी वाईट. पिकांवर फवारली जाणारी अ‍ॅझोल बुरशीनाशकं आणि रुग्णाला दिली जाणारी अ‍ॅझोल एकाच विकरावर काम करतात, म्हणून आयुष्यात एकही अ‍ॅझोल गोळी न घेतलेल्या माणसाच्या फुप्फुसात प्रतिकारक्षम अ‍ॅस्परजिलस सापडू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बुरशींची पहिली प्राधान्ययादी काढली. तिच्यातल्या १९ बुरशींपैकी सर्वांत वरच्या गटात कँडिडा ऑरिस, कँडिडा अल्बिकन्स, अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या चौघी आहेत.

बुरशीशी लढायला सजीव पेप्टाइडं वापरतात याचा सर्वांत बोलका पुरावा फळमाशीत मिळाला. माशीला आपल्यासारख्या प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी नसतात. बुरशी अंगात शिरली की ती ड्रोसोमायसिन नावाचं ४४ अमिनो आम्लांचं पेप्टाइड सोडते. ब्रुनो लेमेत्र आणि ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं की टोल नावाचं जनुक बिघडलं की हे पेप्टाइड तयार होत नाही आणि अ‍ॅस्परजिलसच्या संसर्गाने माशी दोन-तीन दिवसांत दगावते. त्या मेलेल्या माशीच्या अंगातून बाहेर आलेल्या बुरशीच्या तंतूंचा फोटो मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला दाखवते. हॉफमन यांना २०११ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच कामासाठी. मला मात्र त्यातला दुसरा धागा जास्त विलक्षण वाटतो: ड्रोसोमायसिनची ठेवण मुळ्याच्या बियांतल्या एका डिफेन्सिनशी, म्हणजे संरक्षक पेप्टाइडशी, जुळते. कुठे माशी आणि कुठे मुळा, पण दोघांनी बुरशीसाठी हत्यार घडवलं ते एकाच घाटाचं.

माणसातही हीच व्यवस्था आहे. ज्यांच्यात इंटरल्यूकिन-१७ या प्रतिकारयंत्रणेच्या निरोप्याचा मार्ग जन्मतः अधू असतो त्यांना तोंडात, त्वचेवर, नखांत कँडिडा वर्षानुवर्षं सतावते. हा मार्ग श्लेष्मल त्वचेला बीटा-डिफेन्सिन बनवायचा हुकूम देतो. तो हुकूमच पोचत नाही, हे त्यामागचं एक कारण. आपल्या लाळेत हिस्टॅटिन-५ असतं, २४ अमिनो आम्लांचं आणि हिस्टिडीनने भरलेलं. पांढऱ्या पेशींत आणि त्वचेत एलएल-३७ नावाचं पेप्टाइड असतं. ही दोन्ही पेप्टाइडं प्रयोगशाळेत कँडिडा ऑरिसलाही मारतात, फ्लुकोनॅझोलला न जुमानणाऱ्या वाणांनासुद्धा. ते समजण्यासारखं आहे. फ्लुकोनॅझोलविरुद्ध बुरशीने कमावलेले बदल त्या औषधाच्या विकरात आणि त्याला बाहेर फेकणाऱ्या पंपांत असतात, आणि पेप्टाइड त्या वाटेने जातच नाही.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण नात्यागोत्याची आहे. जिवाणू आपला फार लांबचा नातेवाईक. त्याच्या पटलाचा बाहेरचा पदर ऋणभारित असतो आणि आपल्या पेशीचा जवळपास भाररहित, म्हणून धनभारित पेप्टाइड जिवाणूला चिकटतं आणि आपल्याला सोडतं. बुरशी मात्र आपल्यासारखीच केंद्रक असलेली पेशी. तिच्या आणि आपल्या पटलात मोठा फरक एकच, तिच्याकडे एर्गोस्टेरॉल आणि आपल्याकडे कोलेस्टेरॉल. भित्तिकेच्या बाहेरच्या मॅनोप्रथिनांवरचे फॉस्फेट गट थोडा ऋणभार देतात, पण जिवाणूइतका उघड फरक मिळत नाही. त्यामुळे निव्वळ पटल फाडणारं पेप्टाइड बुरशी मारतं त्याच्या थोड्याशाच वरच्या मात्रेला आपल्या पेशीही फोडू लागतं. अ‍ॅम्फोटेरिसिनने इतकी वर्षं मूत्रपिंडांना दिलेला त्रास आठवा. एर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल यांतल्या बारीकशा फरकावर विसंबलेल्या औषधाची किंमत काय असते ते तिथे दिसतं.

हे समजायला एक साधा प्रयोग पुरतो आणि तो मी कुणालाच टाळू देत नाही. ताज्या रक्तातल्या तांबड्या पेशी घ्यायच्या, वरचं द्रव नितळ येईपर्यंत बफरने धुवायच्या, पेप्टाइडच्या चढत्या मात्रांबरोबर तासभर ३७ अंशांवर ठेवायच्या आणि सेंट्रिफ्यूज करायच्या. एका नळीत सगळ्या पेशी फोडणारं ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखं द्रव्य घालायचं. तिथलं पाणी लालभडक होतं, ते आपलं १०० टक्के. बफरच्या नळीतलं नितळ, ते शून्य. मग ओळीने बघत जायचं. ज्या मात्रेला वरचं पाणी पहिल्यांदा गुलाबी दिसतं आणि ज्या मात्रेला कँडिडाची वाढ थांबते, त्या दोन आकड्यांमध्ये किती अंतर आहे? मी स्वतः ज्यावर जीव टाकला होता त्या पेप्टाइडमध्ये हे अंतर दुपटीचंही नव्हतं. ती गुलाबी नळी हातात धरून उभी राहिले तो दिवस मला अजून आठवतो. आठ महिन्यांचं काम होतं आणि ते तिथेच थांबवलं.

दुसरी अडचण आकड्यांच्या खरेपणाची, आणि इथे मी थोडं रेंगाळणार आहे, कारण शोधनिबंधांत या गोष्टी पद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत उरकलेल्या असतात. आमच्याकडे सुरुवातीला एकाच पेप्टाइडची, एकाच वाणावरची एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, एका आठवड्यात ८ यायची आणि पुढच्या आठवड्यात ३२. पिपेट तपासलं, वाण तपासला, माणसं बदलली. दोष निघाला प्लेटचा. धनभारित पेप्टाइडं प्लेटच्या पॉलिस्टायरीन या प्लास्टिकला चिकटून बसतात. कागदावर जी मात्रा आपण लिहितो त्यातली बरीचशी खड्ड्याच्या भिंतीवर असते आणि बुरशीपर्यंत पोचतच नाही. पॉलिप्रॉपिलिनच्या प्लेट आणि नळ्या घेतल्या, पातळ करण्याच्या द्रवात ०.२ टक्के अल्ब्युमिन आणि ०.०१ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल घातलं, आणि आकडे जागेवर बसले. तीच गत कुपीवर लिहिलेल्या वजनाची. शुद्ध करताना वापरलेलं ट्रायफ्लुरोअ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी त्या वजनात धरलेलं असतं, म्हणून एक मिलिग्रॅमच्या कुपीत एक मिलिग्रॅम पेप्टाइड कधीच नसतं. निव्वळ पेप्टाइड किती, हे विचारून घ्यायचं आणि मगच गणित मांडायचं.

त्यानंतर माध्यमाचा प्रश्न. बुरशीची एमआयसी आपण आरपीएमआय १६४० मध्ये करतो, ते मुळात माणसाच्या पेशी वाढवण्यासाठीचं क्षारयुक्त माध्यम. पण पेप्टाइडचे देखणे आकडे पुष्कळदा पातळ फॉस्फेट बफरमधले असतात, जिथे मीठ जवळपास नसतंच. पेप्टाइड बुरशीकडे ओढलं जातं ते विद्युतभाराने, आणि मीठ वाढलं की ती ओढ मंदावते. हिस्टॅटिन-५ चं हे ठळक उदाहरण: कमी क्षारांत जोमदार, शरीरातल्या रक्ताएवढ्या क्षारांत बरंच निष्प्रभ. लाळ ही रक्तापेक्षा पातळ असते, म्हणून तोंडात त्याचं निभतं. पुढे सीरम. सीरममध्ये प्रथिनं तोडणारी विकरं आहेत आणि पेप्टाइडला कवटाळणारी प्रथिनंही. एलएल-३७ तर सीरममधल्या अपोलिपोप्रथिन ए-१ या प्रथिनाला जाऊन चिकटतं. माध्यमात नुसतं १० टक्के सीरम घातलं तरी वाढ थांबण्याची जागा प्लेटवर चार-चार खड्डे सरकलेली मी पाहिली आहे. प्रत्येक खड्डा दुपटीचा असतो, म्हणजे चार खड्डे म्हणजे सोळा पट.

तुम्ही विचारलेल्या ‘वॉर्डात का पोचलं नाही’चं अर्धं उत्तर या प्लेटमध्ये आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मागेनिनची हकीकत सांगते. मायकेल झॅस्लॉफ यांना दिसलं की शस्त्रक्रिया केलेले आफ्रिकी बेडूक गढूळ पाण्यात सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. १९८७ मध्ये त्यांनी त्या कातडीतली पेप्टाइडं वेगळी केली आणि ढाल या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून नाव दिलं मागेनिन. त्यापासून घडवलेलं पेक्सिगॅनन मधुमेही पायाच्या जखमांवर लावायचं मलम म्हणून शेवटच्या टप्प्यापर्यंत गेलं, आणि १९९९ मध्ये अमेरिकी नियामकांनी मान्यता नाकारली. आधीच उपलब्ध असलेल्या प्रतिजैविकाहून ते सरस ठरलेलं नव्हतं. तो विषय जिवाणूंचा होता, पण त्या निकालाने या सगळ्या क्षेत्राचा हात आखडला. मला वाटतं, बुरशीच्या बाबतीत तोच निकाल जसाच्या तसा लावणं अन्यायाचं आहे. जिवाणूंसाठी तेव्हा दुसरं औषध होतं. तिन्ही मुख्य गटांना न जुमानणाऱ्या कँडिडा ऑरिससाठी दुसरं काय आहे?

आता आशा कुठे आहे ते. माझी मदार पटल फाडणाऱ्या पेप्टाइडांपेक्षा नेमका पत्ता, म्हणजे बुरशीतला ठरावीक रेणू किंवा दार, शोधणाऱ्या पेप्टाइडांवर आहे. मुळ्याच्या बियांतलं ते डिफेन्सिन बुरशीच्या ग्लुकोसिलसेरामाइड या मेदाला धरतं. हा मेद आपल्यातही असतो, पण बुरशीच्या रेणूची ठेवण थोडी निराळी, आणि डिफेन्सिनला तो फरक कळतो. गंमत म्हणजे कँडिडा ग्लॅब्राटात हा मेद नसतोच आणि तिच्यावर या पेप्टाइडचा परिणाम होत नाही. माझ्या मते ही चांगली खूण आहे. जे पेप्टाइड एका कँडिडाला मारतं आणि शेजारणीला सोडतं, ते काहीतरी ओळखून मारतंय. हिस्टॅटिन-५ सुद्धा भोक पाडत नाही. ते कँडिडाच्या पॉलिअमाइन आत घेणाऱ्या वाहकांतून आत शिरतं आणि मग पेशीतलं एटीपी हे ऊर्जेचं चलन बाहेर गळू लागतं. तिसरं उदाहरण व्हीएल-२३९७ या कड्याच्या आकाराच्या पेप्टाइडचं. लोह गोळा करायला अ‍ॅस्परजिलस जो सिट१ वाहक वापरतो त्याच दाराने हे आत जातं, आणि ते दार आपल्या पेशींना नाही. त्याची रुग्णांवरची चाचणी पूर्ण झाली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण कल्पना अस्सल होती.

जागाही महत्त्वाची. रक्तातून सगळ्या शरीरात पोचवायचं म्हटलं की मीठ, सीरम, मूत्रपिंड हे सगळे आडवे येतात. नखावर, तोंडात, योनीमार्गात, जखमेवर किंवा कॅथेटरच्या पृष्ठभागावर मात्रा हवी तेवढी वर नेता येते आणि रक्ताशी गाठ पडत नाही. नखासाठी आर्जिनीनच्या कड्यांपासून बनवलेले आणि वनस्पतींच्या डिफेन्सिनवरून घेतलेले रेणू माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेले. हिस्टॅटिनचा एक छोटा तुकडा तोंडातल्या कँडिडासाठी गुळण्यांच्या रूपात तपासला गेला. टर्बिनाफिन या औषधाला न जुमानणारी, ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीची गजकर्णं आता अनेक देशांत दिसतात, तिथेही त्वचेवर लावायच्या पेप्टाइडला वाव आहे, बुरशी केसांच्या मुळाशी किती खोल गेलीय यावर सारं अवलंबून. फुप्फुसाबद्दल मात्र जपून. डॅप्टोमायसिन हे जिवाणूंवरचं उत्तम लिपोपेप्टाइड, पण फुप्फुसाच्या आतल्या सरफॅक्टंट या मेदाळ थरात अडकून निकामी होतं, म्हणून न्यूमोनियात चालत नाही. अ‍ॅस्परजिलससाठी वाफाऱ्यातून पेप्टाइड द्यायची योजना कुणी मांडली की मी पहिल्यांदा सरफॅक्टंट घालून केलेली चाचणी मागते.

रेणूला टिकाऊ करायचे मार्ग आहेतच. उजव्या ठेवणीची, म्हणजे डी-अमिनो आम्लं घातली की विकरांना तो तुकडा कापता येत नाही. टोकं जोडून कडं केलं तरी आयुष्य वाढतं. मेदाची शेपटी लावली की ताकद वाढते, पण तांबड्या पेशीही जास्त फुटतात, तेव्हा ती मोजूनमापून. हे काम किती पुढे नेता येतं याचा दाखला पुन्हा एकायनोकँडिनमध्येच आहे: कॅस्पोफंजिन रोज शिरेतून द्यावं लागतं, तर २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं रेझाफंजिन आठवड्यातून एकदा. गाभा तोच, एका ठिकाणचा रासायनिक बदल, आणि रेणू शरीरात कितीतरी जास्त टिकला.

जोडीने देणं हा मला सर्वांत लवकर फळणारा मार्ग वाटतो. पेप्टाइडने पटल थोडं सैल केलं, मारण्याइतकं नाही, तरी फ्लुकोनॅझोलसारख्या औषधाला आत शिरायला वाट मिळते, आणि दोघांच्याही मात्रा खाली येतात. दोन औषधांच्या मात्रा आडव्या-उभ्या बदलत लावलेल्या चेकरबोर्ड प्लेटवर, जोडीने किती कमी मात्रा पुरते ते सांगणारा एफआयसी निर्देशांक ०.५ किंवा त्याखाली आला तर खरी साथसंगत आहे असं धरतात. ०.७-०.८ ला साथसंगत म्हणणारे निबंध मी बाजूला ठेवते.

एक दावा मात्र डोळे झाकून मानू नका, की पेप्टाइडांना प्रतिकार तयारच होत नाही. कँडिडा अल्बिकन्स माणसाच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या याच पेप्टाइडांबरोबर राहत आली आहे. ती सॅप नावाची प्रथिनभंजक विकरं सोडून हिस्टॅटिनचे तुकडे करते. एमएसबी२ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा बाहेरचा भाग झाडून टाकून त्यात पेप्टाइडांना अडकवते. फ्लू१ पंपाने आत आलेलं बाहेर टाकते. हे सगळं तिच्याकडे आधीपासून आहे, नव्याने शिकायचीही गरज नाही.

ज्यांच्या घरातला माणूस आत्ता आयसीयूत आहे तेही असे प्रश्न विचारतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्यं. या पेप्टाइडांची वाट पाहत उपचार लांबवू नका. बुरशीची नेमकी जात ओळखली का, औषध-संवेदनशीलता तपासली का, आणि रक्तातली कँडिडा असेल तर मध्यवर्ती शिरेतला कॅथेटर काढता येईल का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजच विचारा.

आणि तुमच्या प्रबंधाबद्दल: घ्या, जरूर घ्या. पण शेकडो पेप्टाइडं चाळण्यात वर्षं घालवू नका. ज्याचा पत्ता माहीत आहे असं एकच निवडा. बुरशीचा तो पत्ताच उडवलेला वाण मिळवा आणि मूळ वाणाशेजारी ठेवा. पत्ता नसलेला वाणही तितकाच मरत असेल, तर तुमचं पेप्टाइड नुसतं पटल फाडतंय. पहिल्याच आठवड्यात पॉलिप्रॉपिलिनची एक प्लेट लावा: वरच्या चार ओळी साध्या आरपीएमआयमध्ये, खालच्या चार १० टक्के सीरम घालून, आणि त्याच दिवशी शेजारी तांबड्या पेशींच्या नळ्या. तिन्ही आकडे हाती आले की मला पाठवा, मग पुढचं बोलू.